सुम्ने बसलेला माणूस

बसवंतने कॉफीचा पेला दोन्ही हातांनी पुढं केला, तेव्हा पद्माकरराव खुर्चीतून अर्धवट उठले.

"घ्या अण्णा. गार वारं सुटलंय."

"अहो कशाला, कशाला," असं म्हणत त्यांनी पेला घेतला, वाटीत ओतून फुंकर घातली आणि पहिला घोट घेऊन मान हलवली. छान झाली आहे, असा त्या मानेचा अर्थ होता.

नळावर तांदूळ धुणाऱ्या प्रमोदिनीचा हात पाण्यातच थांबला. गेल्याच आठवड्यात त्याच दोन हातांनी बसवंतने चंपाचे केस धरून तिला दाराच्या चौकटीवर आपटलं होतं. चंपाला सहावा महिना होता. आदल्या वर्षीचं मूल असंच गेलं होतं. आणि प्रमोदिनीचा स्वतःचा नवरा, शांततेसाठी परदेशी जाऊन आलेला माणूस, त्या हातची कॉफी पीत होता.

तिनं तांदळाचं पाणी इतक्या जोरात ओतलं की ते खुर्चीच्या पायापर्यंत गेलं. पद्माकररावांनी पाय वर घेतले आणि उरलेली कॉफी संपवली.

बसवनगुडीतलं ते वठार रत्नाबाईंचं. मधे फरशीचा चौक, चौकात एक नळ आणि भोवती भाड्याची पाच लहान घरं; त्यांचं स्वतःचं रस्त्याच्या बाजूला. रत्नाबाईंचे आजोबा कधीतरी तंजावरकडून बंगळुरात आले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही, अशी त्यांची भाषा होती. ही गोष्ट घडली तेव्हा बंगळुरात पंखा लागत नसे. संध्याकाळी पाचनंतर रस्त्यावर सायकलींच्या घंट्यांखेरीज आवाज नसे, आणि बनशंकरीच्या देवळाला जायचं तर शेतांमधून जावं लागे. अशा शांत गावात भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येई. ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय कुणालाच नव्हती.

कोपऱ्यातल्या घरात बसवंत आणि चंपा राहत. दोघं निपाणीकडचे. बसवंत गिरणीत होता. तो पीत नसे, म्हणजे दारूवर ढकलून मोकळं व्हायचीही सोय नव्हती. दिवाळीला चंपाचा भाऊ तिला बाळंतपणासाठी न्यायला येणार होता, आणि बसवंतने त्याला हो म्हटलं होतं. प्रश्न एवढाच होता, की दिवाळीपर्यंत चंपा आणि तिच्या पोटातलं धड राहतं का.

"पोलिसांत सांगते, नाहीतर घर खाली करायला लावते," रत्नाबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या. "येनु माडोदु, दुसरं करायचं काय? माझ्या घरात बाईमाणसाचं रक्त नको."

"आततायीपणा नको," पद्माकरराव म्हणाले. "घर खाली केलंत तर तो तिला घेऊन दुसरीकडं जाईल. तिथं कोण असणार? याची एक पद्धत असते."

पद्धत त्यांनी लाओसमधून आणली होती. इंडोचायनातली लढाई थांबल्यावर तिथं जे आंतरराष्ट्रीय कमिशन बसलं, त्यावर पद्माकररावांची दीड वर्षासाठी नेमणूक झाली होती. 'आम्ही कमिशनवर होतो तेव्हा' अशी त्यांची वाक्यं सुरू होत. प्रमोदिनीला त्यातल्या 'आम्ही'चं हसू येई, कारण ते तिथं टायपिस्ट म्हणून गेले होते आणि टायपिस्ट म्हणूनच परत आले होते.

त्यांनी चौकात सभा घेतली.

"कोलंबोला पाच देश एकत्र बसले होते," ते म्हणाले. "भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश, सिलोन, इंडोनेशिया. शेजारी पेटलेलं असताना शेजाऱ्यांनी बसायचं नाही तर कुणी बसायचं? आपलीही पाच घरं आहेत."

"त्यातलं एक त्याचंच आहे, आणि एक रिकामं," रत्नाबाई म्हणाल्या.

"तत्त्व महत्त्वाचं."

मग तिघांचं कमिशन झालं. टेलिफोनच्या कारखान्यातले चंद्रकांत इंजिनियर चंपाच्या बाजूचे. कोर्टातून निवृत्त झालेले बेळगावचे आप्पाजी अमीन बसवंतच्या बाजूचे, कारण नवरा-बायकोच्या भानगडीत पडू नये असं त्यांचं मत होतं. मधे तटस्थ अध्यक्ष पद्माकरराव. लाओसच्या कमिशनवर कॅनडा, पोलंड आणि मधे आपण होतो, तसंच. अडचण एकच होती, की कपडे वाळत घालायच्या दोरीवरून चंद्रकांत आणि आप्पाजी वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे दोघंही अध्यक्षांशी बोलत, आणि अध्यक्ष एकाचं दुसऱ्याला सांगत. तिघंही एकाच बाकावर बसलेले असत.

"अध्यक्षांनी त्यांना विचारावं, की बाईमाणसाला मारणं त्यांच्या कायद्यात बसतं का," चंद्रकांत म्हणत.

"चंद्रकांत विचारतायत, की..."

"ऐकू आलंय मला. त्यांना सांगा, स्वतःची बायको पुण्याला का जाऊन बसलीय ते आधी बघा म्हणावं."

"आप्पाजींचं म्हणणं असं, की विषयाला धरून बोलावं," पद्माकरराव सांगत.

शेवटी एक ठराव झाला. उभय पक्षांनी संयम पाळावा, आणि दिवाळीपर्यंत अध्यक्षांनी संध्याकाळी चौकात बसून परिस्थितीचं निरीक्षण करावं.

"उभय पक्ष?" त्या रात्री ताट वाढताना प्रमोदिनीनं विचारलं. "म्हणजे चंपानं काय कमी मारावं, असं म्हणणं आहे तुमचं?"

"शब्द जपून वापरावे लागतात. एका पक्षाला दोषी ठरवलं, की तो उठून जातो. मग उरतं काय?"

"चंपा उरते."

पद्माकररावांनी ताक मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीतून आले, की पाय धुऊन खुर्ची बाहेर नेत. बसवंत गिरणीतून यायच्या आधी बसत, आणि कोपऱ्यातल्या घरात जेवणं होऊन दिवा लहान होईपर्यंत उठत नसत. काही करत मात्र नसत. वर्तमानपत्र मांडीवर असे, पण अंधारात ते वाचणार काय? बसवंत आला की 'काय, सुटली गिरणी?' म्हणत. बसवंत 'सुटली की अण्णा' म्हणे. झालं निरीक्षण. चंपा आत-बाहेर करताना पदर नाकापर्यंत ओढून घेई, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते कुणालाच दिसत नसे. प्रमोदिनीला वाटे, दार लावल्यावर आत जे व्हायचं ते होतच असणार. बाहेर हे कॉफी पीत बसलेत.

रत्नाबाईंकडे चहाला गेली, की ती नवऱ्याची नक्कल करी. पाटावर बसायचं, एक पाय दुसऱ्यावर टाकायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचं, 'परिस्थिती समाधानकारक आहे.' रत्नाबाई हसून हसून डोळे पुसत.

त्याच सुमारास मराठी मंडळानं पद्माकररावांचं भाषण ठेवलं. विषय होता, 'शेजारी राष्ट्रांतील शांतता आणि आपण'. ते बंद गळ्याचा कोट घालून गेले. हॉल भरला होता, कारण भाषणानंतर कांदेपोहे होते. पुढच्या रांगांत नव्या कारखान्यांतले आणि संशोधन संस्थांतले साहेब, मागं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेली जुनी घराणी, आणि डाव्या बाजूला बायका.

पद्माकरराव बरं बोलले. पाच देशांचे पंतप्रधान एकत्र कसे बसले, ते सांगितलं. त्यांतले दोन आपसांत भांडत असूनही बसले, हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला. प्रमोदिनीला चौकातला बाक आठवला. स्वतःच्या घरची दोरी सुटत नाही आणि चालले दुसऱ्याची गाठ सोडवायला, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं रत्नाबाईंना कोपरानं ढोसलं.

भाषण संपल्यावर मंडळाच्या चिटणीस प्रतिमाताई उभ्या राहिल्या. त्या शाळेत शिकवत, आणि प्रश्नही तसाच विचारत.

"हे सगळं ठीक. पण तुम्ही स्वतः तिथं नेमकं करत काय होतात?"

पद्माकररावांनी टेबलावरचं पाणी घेतलं. पेला खाली ठेवला. मागच्या खोलीत फोडणी पडल्याचं ऐकू आलं.

"सुम्ने बसले होते," प्रमोदिनी रत्नाबाईंच्या कानात म्हणाली. कानात म्हणावं त्याहून ते मोठ्यानं होतं.

बंगळुरात पंधरा दिवस राहिलेल्या माणसालाही तो शब्द येतो. सुम्ने म्हणजे उगीच. काही कारण नसताना, काही न करता. भाजीवाला भाव विचारून न घेणाऱ्याला म्हणतो, सुम्ने विचारलंत का? आधी जुनी घराणी हसली, मग साहेब हसले, मग बायका. प्रतिमाताईंनी टाळ्या वाजवल्या. पद्माकररावही हसले.

"खरं आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

दोघं चालत घरी निघाली. बुल टेम्पलच्या रस्त्याला झाडांखाली अंधार होता. प्रमोदिनी वाट बघत होती, की ते आता रागावतील. मग तिलाही बोलता येणार होतं. तिनं वाक्यं तयार ठेवली होती.

"तिथंही हसायचे," पद्माकरराव म्हणाले.

"कोण?"

"दोन्ही बाजूंचे." ते काही पावलं तसेच चालले. "एका खेड्यात आमचं पथक होतं. टाइप करायचे कागद संपले, की मला काम नसायचं. मग ओसरीवर बसायचो. आमची जीप राजधानीकडं निघाली, की गावातल्या बाया पोरं कडेवर घेऊन रस्त्यात येऊन उभ्या राहायच्या. मला वाटायचं, निरोप द्यायला आल्यात."

"मग?"

"मग काही नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. बराच वेळ वाजवला, की सरकायच्या."

निरोपसमारंभही झाले म्हणायचे तिथं, असं प्रमोदिनीच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं बोलून टाकलंही. पद्माकररावांनी मान डोलावली आणि कोटाचं वरचं बटण सोडलं.

दुसऱ्या संध्याकाळी खुर्ची बाहेर आली नाही. तिच्यावर जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलेली प्रमोदिनीला दिसली. कमिशन बेमुदत तहकूब झालं, असं त्यांनी आप्पाजींना सांगितलं, आणि चंद्रकांतला सांगायला आप्पाजींना सांगितलं नाही, एवढं भान ठेवलं. ते कचेरीतून उशिरा येऊ लागले. प्रमोदिनीला चौक मोकळा मोकळा वाटला. आता निदान नळाशी जाताना कुणाचे लांब केलेले पाय ओलांडावे लागत नव्हते.

त्या आठवड्याच्या शेवटी, भरसंध्याकाळी, कोपऱ्यातल्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग दुसरा, भांड्याचा नसलेला. मग काहीच नाही. रत्नाबाई धावत जाऊन दारावर थापा मारू लागल्या. बऱ्याच वेळानं बसवंतने दार उघडलं आणि म्हणाला, "काय न्हाई आज्जी, घसरली."

सकाळी चंपा नळावर आली, ती उजव्या हातानंच घागर ओढत. डावा मनगटापाशी सुजून पदरात गुंडाळलेला होता.

"पोट?" रत्नाबाईंनी एवढंच विचारलं.

"हाय. हलतंय."

रत्नाबाईंनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटल्या आणि हळद आणायला आत गेल्या. प्रमोदिनीनं चंपाच्या हातातली घागर काढून घेतली आणि नळाखाली धरली.

"वैनी," चंपा हळूच म्हणाली, "अण्णा हल्ली का बसंनात?"

"बसून काय दिवे लावत होते ते?" प्रमोदिनी म्हणाली. "सुम्ने बसायचे."

"व्हय की. त्ये सुम्ने बसायचे, मग ह्ये बी सुम्ने असायचे."

पाणी घागरीच्या गळ्यापर्यंत आलं होतं.

"म्हणजे?"

"पैल्यांदा दोन-चार दिस नुसते दात खाऊन बसले. भाईर बघायचे, आत यायचे, परत भाईर बघायचे. म्हनायचे, ह्यो मानूस उठतो कवा? कॉफी कर म्हनायचे, अण्णास्नी देऊन येतो, मग तरी उठंल. त्ये काय उठायचे न्हाईत. मग जेवायचे आन झोपायचे." चंपानं पदर सावरला. "मी बी झोपायची. लई दिसांनी झोपले वैनी."

घागर भरून वाहू लागली. प्रमोदिनीनं नळ बंद केला नाही.

कन्नडात त्या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. उगीच बसणं तेही सुम्ने, आणि गप्प होणं तेही सुम्ने. रडणाऱ्या पोराला बंगळुरात हाच शब्द सांगतात. बाजारात, दुकानात, रत्नाबाईंच्या स्वयंपाकघरात ती दोन्ही अर्थांनी तो रोज वापरत होती.

"भरली की वैनी," चंपा म्हणाली.

दिवसभर प्रमोदिनीचं कशात लक्ष लागलं नाही, आणि त्याचाही तिला राग आला. नवऱ्याला काय म्हणायचं होतं? खुर्ची परत बाहेर न्या, असं? भरल्या हॉलमध्ये लोकांना हसवल्यावर? आणि नेली असती, तर पुन्हा तो कोट, तो ठराव, उभय पक्ष. तिला ते सगळं नको होतं. तिला ते अजूनही हास्यास्पदच वाटत होतं. कचेरीतून ते कधी येतील, तेही आता सांगता येत नव्हतं, आणि बसवंत गिरणीतून वेळेवर यायचा.

ऊन चौकातून भिंतीवर चढलं, तेव्हा तिनं सुपात हुलगे घेतले, आणि कोपऱ्यातल्या घराच्या पायरीवर जाऊन बसली. चंपा दारात आली, तिच्याकडं बघितलं आणि आत गेली.

बसवंत आला. सायकल टेकवता टेकवता थांबला.

"काय वैनी? चंपीकडं काम हुतं?"

"नाही."

"मग?"

सांगायला एखादा ठराव असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं.

"सुम्ने," ती म्हणाली.

"घरात बसा की."

"इथं बरंय."

"अंधार पडाय लागलाय. दाणं दिसायचे न्हाईत."

"दिसेपर्यंत निवडते."

त्यानं सायकल भिंतीला लावली. मग तिच्या अंगाला अंग लागू न देता पायरी ओलांडून आत गेला आणि दार लावलं. प्रमोदिनीच्या हातात खडा आला की हुलगा, ते तिला कळेना. चंद्रकांत आपल्या खिडकीत येऊन उभे राहिले आणि आत गेले. आप्पाजींनी दार किलकिलं केलं. कुणी बाहेर आलं नाही. कमिशनचे दोन सभासद, ती मनात म्हणाली, आणि तोंडात आलेलं पुढचं गिळलं.

दार उघडलं. बसवंतने बाहेर बघितलं. ती होती. त्यानं दार तसंच उघडं सोडलं आणि आत वळला.

पद्माकरराव आले, तेव्हा दिवे लागले होते. स्वतःच्या दाराला कडी बघून ते थबकले, मग त्यांची नजर चौकभर फिरत कोपऱ्यावर आली. ते डबा हातात घेऊन तिच्यापाशी आले.

"स्वयंपाक?"

"नाही झाला."

आता काहीतरी बोलतील, तिला वाटलं. पद्धत सांगतील, कोलंबो काढतील. ती वाट बघत राहिली. पद्माकररावांनी डबा भिंतीशी ठेवला, धोतराचा सोगा आवरला आणि पायरीवर तिच्या शेजारी बसले. जागा दोघांना पुरेल एवढी नव्हती.

"आत सारखं बघू नकोस," थोड्या वेळानं ते अगदी हळू म्हणाले. "बघितलं की त्याला चिथावल्यासारखं होतं. आपलं काम करत राहायचं."

"हुलगे दिसत नाहीत."

"तरी निवड."

ती निवडू लागली. ते समोर बघत राहिले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. एका हातानं थापत असावी, ताल धरत नव्हता. मधेच तो थांबला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. प्रमोदिनीची बोटं सुपात तशीच राहिली, आणि पद्माकररावांचा एक पाय पायरीवरून खाली आला.

मग आवाज पुन्हा सुरू झाला.